मुलाला आजीचाच लळा, मग आमचं काय चुकलं?

एका वाचकाचं बरंच मोठं पत्र आलंय, ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते. नवराबायको दोघंही नोकरी करतात, एकुलता एक मुलगा ७ वर्षांचा. तो ६ महिन्यांचा असल्यापासून दिवसभर त्याची आजी, म्हणजे पत्र लिहिणाऱ्यांची आई, त्याला सांभाळते. तो तिच्याजवळच झोपतो, शाळेतलं सगळं तिलाच सांगतो. मध्यंतरी त्याचा पुढचा दात पडला, तेव्हा आईबाबा दोघंही घरात होते, तरी हा दात मुठीत धरून थेट आजीच्या खोलीत गेला आणि आईबाबांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तेव्हापासून बायको रडवेली झालीये आणि नोकरी सोडते म्हणतेय. बाबा रोज 'सातपर्यंत येतो' सांगून जातात आणि यायला साडेआठ वाजतात. त्याची भरपाई म्हणून अख्खा रविवार मुलासाठी राखून ठेवलाय, पण दर रविवारी संध्याकाळपर्यंत कशावरून तरी चिडचिड होतेच आणि मुलगा 'मला घरी आजीकडे जायचंय' म्हणून रडायला लागतो. शेजारी त्याच वयाची मुलगी आहे, त्यांच्याकडे सगळं घड्याळाच्या काट्यावर चालतं, मुलगी धीट आणि चुणचुणीत, आमचा मात्र कोणी आलं की दाराआड. आता आजी २ महिन्यांनी, ५-६ महिन्यांसाठी आपल्या मुलीकडे राहायला जाणार आहे. प्रश्न तीन आहेत: बायकोने नोकरी सोडावी का, मुलाला आत्तापासूनच आजीपासून थोडं तोडायला हवं का, आणि पहिली सात वर्षं तर हातची गेली, आता जवळीक व्हायची काही आशा आहे का. पत्राच्या अगदी शेवटी एकच ओळ, 'माझे वडील माझ्याशी कामापुरतंच बोलायचे, मला हे जमतच नसावं.'

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात बायको काय म्हणते ते आहे, आजी काय म्हणते ते आहे, शेजारीण काय म्हणाली तेही आहे, तुम्हाला रात्री झोप लागत नाही हेही आहे, पण मुलगा स्वतः काय म्हणतो ते फक्त एका वाक्यात आहे, आणि ते म्हणजे 'मला घरी आजीकडे जायचंय'. त्याची तक्रार काय आहे? तो नीट जेवतो, झोपतो, शाळेत जातो, त्याला एक मित्र आहे, बाईंनी कधी बोलावून घेतलेलं नाही, हे सगळं तुम्हीच ओघात लिहून गेलायत. म्हणजे पोरगं बऱ्यापैकी मजेत आहे आणि घरातली तीन मोठी माणसं अपराधी चेहऱ्याने त्याच्याभोवती फिरतायत. त्याच्या वाढीची काळजी आणि तो आपल्याकडे आला नाही याचं दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पत्रात त्या एकात एक मिसळल्यात. दुःख खोटं आहे असं नाही हं, दाताचं वाचून मलाही तुमच्या पत्नीसाठी वाईटच वाटलं. पण दुःख मोठ्यांचं आणि त्यावरचे उपाय सगळे मुलावर, असं होऊ नये म्हणून आधी वेगळं करून घेतलं.

आता आजी. तुम्ही असं धरून चाललायत की मुलाच्या मनात जागा ठरावीकच असते आणि ती आजीने अडवून ठेवलीये. माया म्हणजे काही वडिलोपार्जित जमीन नाही, एकाला जास्त गेली की दुसऱ्याचा हिस्सा कमी व्हायला. पूर्वी तज्ज्ञसुद्धा थोडंफार तुमच्यासारखंच मानायचे. जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, त्यात आईच्या सहवासावर इतका भर होता की त्यानंतर कित्येक वर्षं नोकरी करणाऱ्या आया धास्तावलेल्या असायच्या. पण १९६४ मध्ये शॅफर आणि एमर्सन या दोघांनी ग्लासगोमधल्या ६० बाळांचा त्यांच्या घरी जाऊन केलेला अभ्यास छापून आला, आणि त्यात दिसलं की दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागलेला असतो, बाबा, आजीआजोबा, मोठी भावंडं, असे कोणीही. मला त्यातली जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट, की बाळाला सगळ्यात जास्त ओढ कोणाची, हे कोण जास्त तास घरात असतं यावरून ठरत नव्हतं, बाळाने काही खुणावलं की कोण लगेच प्रतिसाद देतं यावर ते जास्त अवलंबून होतं.

शिवाय हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपणं असं सगळं वाट्याला येऊनही त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली, आणि त्या मुलांमध्ये वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या आयुष्यात जीव लावणारं निदान एक भरवशाचं माणूस होतं, बऱ्याचदा आजी किंवा आजोबा. तुमच्या मुलाकडे असं माणूस आहे. दात पडल्यावर, थोडं रक्त आल्यावर, घाबरल्यावर कोणाकडे पळायचं हे त्याला पक्कं माहीत आहे, ज्याला हे माहीत असतं ते मूल एकटं पडलेलं नसतं. त्यामुळे 'आत्तापासून थोडं तोडायला हवं का' याचं उत्तर नाही, अजिबात नाही. तोडून तो तुमच्याकडे येणार नाही, तो फक्त आजीकडे जाणं बंद करेल आणि मग कोणाकडेच जाणार नाही, आणि मुलं असं गप्प बसायला फार लवकर शिकतात.

तोडण्याऐवजी आजी नक्की काय करते ते जरा बघा. तुमच्या पत्रातच एक प्रसंग आहे, तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलाय. तुम्ही एकदा लवकर घरी आलात तेव्हा आजी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि हा बाजूला पालथा पडून मोज्यांच्या जोड्या लावता लावता वर्गातल्या कुठल्याशा मारामारीची गोष्ट सांगत होता, तुम्हाला बघून गप्प झाला. तुम्ही लिहिलंय, 'मी विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही.' आता या प्रसंगात आजी काय करतेय? काहीच नाही. तिचे हात कामात आहेत, नजर कपड्यांवर आहे, ती प्रश्न विचारत नाहीये, मध्येच 'मग तू बाईंना का नाही सांगितलंस' म्हणत नाहीये, आणि तिला कुठे जायचंही नाहीये. या वयाची मुलं, खास करून जरा बुजरी मुलं, अशीच तिरकी बोलतात, हातात काहीतरी चाळा असताना, समोरच्याची नजर आपल्यावर नसताना. आणि आपण मोठी माणसं काय करतो, दारातून येतो, चपला काढता काढता 'आज काय केलं शाळेत? होमवर्क झालं? डबा संपवला? कोणाशी भांडलास तर नाही ना?' ही उलटतपासणी झाली हो. तुम्हाला ऑफिसातून आल्याआल्या कोणी असं विचारलं तर तुम्हीही 'काही नाही, नेहमीचंच' म्हणाल.

तेव्हा पहिली गोष्ट ही करून बघा, आल्यावर पहिला अर्धा तास एकही प्रश्न विचारायचा नाही. नुसतं जवळ बसायचं आणि काहीतरी घरचं काम हातात घ्यायचं, कपड्यांच्या घड्या घाला, ड्रॉवर आवरा, सायकलची चेन साफ करा, काहीही चालेल. त्याला 'मदत कर' असं सांगायचं नाही, तो येऊन बसला तर त्याच्या हातात एक वस्तू द्यायची बस्स. पहिले काही दिवस काहीच होणार नाही, तो येईल, बघेल, निघून जाईल. होऊ दे. आणि ज्या दिवशी तो बोलायला लागेल त्या दिवशी त्याला सल्ला देऊ नका ही हात जोडून विनंती, 'हं', 'मग?', 'अरे बापरे' एवढ्यावर भागतं. तुम्ही दोघांनी एकाच वेळी हे सुरू करू नका, नाहीतर बिचाऱ्याला वाटेल घरात काहीतरी झालंय.

आता नोकरी सोडण्याचा प्रश्न. यावर मला जरा स्पष्ट बोलायचंय. तीन पानी पत्रात 'बायकोने नोकरी सोडावी का' हा प्रश्न चार वेगवेगळ्या प्रकारे आलाय आणि 'मी साडेआठऐवजी सात वाजता घरी येण्यासाठी काय करू शकतो' हा प्रश्न एकदाही नाही. मुद्दाम केलं असेल असं म्हणत नाही, मुलाचं काही बिनसलं की आईचं वेळापत्रक बदलायचं हे आपल्या सगळ्यांच्याच इतकं अंगवळणी पडलंय की लिहिताना लक्षातही येत नाही. पण दात तर तुम्हालाही दाखवला नव्हता त्याने.

आई नोकरी करते म्हणून मुलाचं नुकसान होतं का हे बऱ्यापैकी तपासून झालंय. अमेरिकेत १९९१ पासून १० ठिकाणच्या १३०० हून जास्त मुलांचा मोठा सरकारी अभ्यास झाला, त्यात दिसलं की दुसऱ्या कोणी बाळाला सांभाळलं एवढ्या एकाच कारणाने आईशी असलेलं नातं कच्चं राहत नाही, आई जेव्हा जवळ असते तेव्हा बाळाचं ओळखून वागते का याला जास्त महत्त्व आहे. २०१५ मध्ये मेलिसा मिल्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात ३ ते ११ वर्षांच्या मुलांसोबत आई किती तास घालवते याचा आणि मुलांच्या वागण्याचा, मनःस्थितीचा किंवा अभ्यासाचा ठळक संबंध सापडलाच नाही. उलट दमलेल्या, ताणाखालच्या आईसोबतचा वेळ मुलांना जड जाऊ शकतो असं संशोधकांनी म्हटलं. (किशोरवयात मात्र एकत्र घालवलेल्या वेळाचा थोडा फायदा दिसला, म्हणजे मुलं मोठी झाली आता आपण मोकळे, असं जे बरेच जण समजतात ते उलटंच निघालं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.) आणि मला सगळ्यात आवडणारा सर्व्हे एलन गॅलिन्स्की यांचा, १९९९ सालचा. त्यांनी तिसरी ते बारावीतल्या हजारावर मुलांना विचारलं की आईबाबांच्या नोकरीमुळे तुमच्या आयुष्यावर जो परिणाम होतो त्यात एकच गोष्ट बदलता आली तर काय बदलाल. निम्म्याहून जास्त पालकांना वाटलं होतं की मुलं म्हणतील आम्हाला जास्त वेळ द्या. आईने जास्त वेळ द्यावा असं म्हणणारी मुलं होती १० टक्के. आई कमी दमलेली, कमी टेन्शनमध्ये असावी असं म्हणणारी होती ३४ टक्के.

हे सगळे अमेरिकेतले अभ्यास आहेत, सगळीकडे तंतोतंत तसंच असेल असा माझा दावा नाही. पण रडत रडत, अपराधीपणातून नोकरी सोडलेली आई घरात दिवसभर असेल तर ती कशी असेल याचा विचार करा. ती त्याच्याकडे बघत बसेल, की मी तुझ्यासाठी एवढं सोडलं आता तरी ये माझ्याकडे. सात वर्षांच्या मुलाने हे ओझं कुठे घ्यायचं? तुमच्या पत्नीला त्या नोकरीचाच कंटाळा आला असेल, काही वेगळं करायचं असेल, पैशाचं गणित बसत असेल, तर खुशाल सोडू दे, तो तिचा निर्णय. पण दातासाठी राजीनामा नको. आजी जातेय त्या ५-६ महिन्यांसाठी दोघांपैकी कोणाला कामाच्या वेळा बदलून घेता येतील, घरून काम मिळेल, साठलेल्या रजा वापरता येतील, हे दोघांनी आपापल्या ऑफिसात विचारा. दोघांनी, हे मी मुद्दाम दोनदा लिहितेय.

घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या शेजारघराबद्दल. घरात काही ठरलेल्या गोष्टी असाव्यात हे मात्र खरं आहे आणि त्यावर माझं मत ठाम आहे. बार्बरा फीझ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ५० वर्षांच्या संशोधनाचा, एकूण ३२ अभ्यासांचा आढावा घेतला होता, त्यात घरातल्या नेमाच्या गोष्टींचा, म्हणजे एकत्र जेवण, झोपायच्या आधीचं ठरलेलं, सुट्टीचं ठरलेलं, या सगळ्याचा मुलांच्या तब्येतीशी, वागण्याशी आणि अगदी आईवडिलांच्या समाधानाशीही संबंध दिसला. अर्थात ज्या घरात बाकीचं बरं चाललंय तिथे नेमही पाळले जातात, त्यामुळे कशामुळे काय झालं ते सगळं सुटं करता येत नाही. पण मुलाच्या बाजूने बघितलं तर साधं आहे, पुढे काय होणार हे माहीत असलं की त्याला सतत सावध राहावं लागत नाही, आणि सावध राहण्यात जाणारी शक्ती खेळण्यात, शिकण्यात, भांडण्यात जाते.

आणि इथेच तुमच्या 'सातपर्यंत येतो' ची खरी अडचण आहे. साडेआठला येणारा बाबा ही काही मोठी आपत्ती नाही, कितीतरी मुलांचे बाबा नऊला येतात आणि त्यांचं छान चालतं. पण सात म्हणून रोज साडेआठ, म्हणजे रोज दीड तास पोरगं दाराकडे कान लावून, आणि मग काही महिन्यांनी ते कान लावणंच सोडून देतं. तुम्हाला वाटतं तो आजीकडे वळला, मला तर वाटतं त्याने तुमची वाट बघणं सोडलं असेल. तेव्हा खरी वेळ सांगा. 'साडेआठला येतो, तू झोपायच्या आधी आपण अर्धा तास एकत्र', एवढंच, आणि ते मात्र पाळायचं. नाही जमणार असं दिसलं तर आधी फोन, आजीच्या मार्फत निरोप नाही, त्याच्याशी बोलून.

तो अर्धा तास कसा असावा हे फार सजवू नका. दिवा कमी करणं, दोन पानं वाचणं किंवा तेच तेच एक पुस्तक पन्नासाव्यांदा वाचणं, उद्याच्या दप्तरात काय लागेल ते काढून ठेवणं, पाठ चोळणं, झालं. फक्त क्रम रोज तोच. मुलांना त्याच त्या गोष्टीचा कंटाळा येत नाही, कंटाळा आपल्याला येतो आणि आपण तो मुलांवर ढकलतो. या वयात ९ ते १२ तास झोप लागते, हा अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला आकडा, म्हणजे सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर साडेनऊला दिवे बंद, त्यात बाबांच्या नावाचा अर्धा तास सहज बसतो. आठवड्यातले पाच दिवस धरले तर अडीच तास झाले, आणि तुमच्या अख्ख्या रविवारापेक्षा हे अडीच तास जास्त कामाचे आहेत असं मी पैजेवर सांगेन.

रविवार कमी करा. खरंच. तुमच्या पत्रातला रविवार वाचूनच मला दम लागला, सकाळी नऊपासून कार्यक्रम, आणि प्रत्येक कार्यक्रमात त्याने खूश दिसायचं, कारण बाबांनी एवढा वेळ काढलाय. चार तासांनी कोणीही कावेल. तो 'आजीकडे जायचंय' म्हणतो त्याचा अर्थ 'मला तुम्ही नको' असा लावू नका, 'मला आता घरी जाऊन जमिनीवर लोळायचंय' असा लावून बघा. अर्धा दिवस बाहेर, अर्धा दिवस रिकामा, आणि काय करायचं ते अधूनमधून त्याला ठरवू द्या. त्याने काहीच ठरवलं नाही तर काहीच करू नका.

मोबाईलबद्दल सगळे सारखं बोलतात म्हणून मी टाळणार होते, पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की घरी आल्यावर १०-१५ मिनिटं ऑफिसचे मेसेज बघावे लागतात आणि तो तेवढ्यात काहीतरी दाखवायला येतो. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला होता, आई काही महिन्यांच्या बाळाशी हसतखेळत असते आणि मग सांगितल्याप्रमाणे तिने दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, चुळबुळतं आणि शेवटी तोंड फिरवतं. मोबाईलमध्ये डोकं घातलेला चेहरा मुलाला बाहेरून बराचसा तसाच दिसतो. यावर उपाय कठीण नाही, मेसेज दाराबाहेर, जिन्यात, गाडीत संपवून मग बेल वाजवा. आणि घरात बघावाच लागला तर तोंडाने सांगा, 'दहा मिनिटं काम आहे, काटा इथे आला की मी तुझा', आणि काटा तिथे आला की फोन खरंच ठेवा.

याच ट्रॉनिक यांच्या कामातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते आणि तुमच्यासाठी तीच जास्त उपयोगाची आहे. प्रेमळ, नीट चाललेल्या जोड्यांमध्येसुद्धा आई आणि बाळाचे सूर सारखे जुळलेले नसतात, साधारण ३० टक्के वेळच ते जुळलेले असतात, बाकी वेळ चुकामूक, आणि मग पुन्हा जुळवून घेणं. त्या पुन्हा जुळवून घेण्यातून मूल शिकतं की बिनसलं तरी सगळं संपत नाही. त्यामुळे रविवारी तुम्ही त्याच्यावर ओरडलात, यापेक्षा मला हे विचारायचंय की ओरडल्यानंतर काय झालं. पत्रात लिहिलंय, 'मग घरी येईपर्यंत कोणीच बोललं नाही.' तेवढं बदला. शांत झाल्यावर, त्याच दिवशी, झोपायच्या आधी, 'मघाशी मी जोरात ओरडलो, तुला भीती वाटली असेल, तसं करायला नको होतं.' एवढंच. त्यापुढे 'पण तू पण ना' हे जोडायचं नाही, आणि सॉरीसोबत खेळणंही आणायचं नाही.

पहिली सात वर्षं हातची गेली, हे तुम्ही कुठेतरी वाचून घाबरलायत असं दिसतं. सुरुवातीच्या वर्षांचं महत्त्व आहेच. पण 'त्या वयात गेलं ते गेलं' हा धसका बऱ्याच अंशी फार वेगळ्या परिस्थितीतल्या मुलांवरून आलाय. उदाहरणार्थ रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास अनाथालयातल्या १३६ मुलांवर सुरू झालेला अभ्यास, जिथे कित्येक बाळांमागे एखादी सांभाळणारी, तीही पाळीपाळीने बदलणारी. त्यांच्यातली जी साधारण दोन वर्षांच्या आत चांगल्या घरी गेली त्यांची बरीच भरपाई झाली, उशिरा गेलेल्यांची कमी. तुमच्या मुलाला पहिल्या दिवसापासून कोणी ना कोणी कडेवर घेतलंय, त्याचं रडणं ऐकलंय. हा हिशोब त्याला लागूच होत नाही. सात वर्षं म्हणजे तर बोलणं, खेळणं, एकत्र काही बनवणं, हे सगळं जमण्याचं वय, बऱ्याच बाबांना तान्ह्या बाळापेक्षा या वयाच्या मुलाशी जास्त सहज जमतं.

शेजारच्या मुलीशी तुलना थांबवा, हे सांगायला सल्लागार कशाला हवा, तुम्हालाही माहीत आहे. तरी एक सांगते. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या जोडप्याने मुलांच्या उपजत स्वभावाचा अभ्यास केला, त्यात साधारण १५ टक्के मुलं अशी होती की नव्या माणसाला, नव्या जागेला रुळायला त्यांना वेळच लागतो, रुळली की नीट असतात. पाहुणे आले की दाराआड जाणं बहुधा त्यातलंच आहे, ते ना तुमच्या नोकरीने आलंय ना आजीच्या लाडाने. अशा मुलाला सगळ्यांसमोर 'ये, नमस्कार कर, कविता म्हणून दाखव' करू नका, दहा मिनिटांनी तो स्वतःच येऊन कोपऱ्यात उभा राहील, तेव्हाही त्याच्यावर प्रकाशझोत टाकू नका.

आता ती शेवटची ओळ, वडील कामापुरतंच बोलायचे आणि म्हणून तुम्हाला जमत नसावं. मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारायची एक मुलाखत तयार केली आणि त्यातून आलेली गोष्ट दिलासा देणारी आहे. आईवडिलांचं स्वतःचं बालपण कसं गेलं यापेक्षा ते त्याबद्दल आज किती सरळ, सलग बोलू शकतात याचा त्यांच्या मुलांशी असलेल्या नात्याशी जास्त संबंध दिसला. जो माणूस 'आमचं बालपण एकदम मस्त' म्हणून विषय उडवून लावतो त्यापेक्षा 'वडील बोलायचे नाहीत, मला ते लागायचं' असं म्हणू शकणारा माणूस बऱ्या जागी आहे. तुम्ही ते परक्या बाईला लिहू शकलात. पत्नीशी कधी बोललायत का यावर? नसाल तर बोला, कारण मला शंका आहे की मुलगा आजीकडे गेल्यावर तुम्ही लगेच मागे हटता ते 'याला मी नकोच आहे' हे तुमच्या मनात फार जुनं असल्यामुळे. आणि तुमच्या आईलाही विचारा वडील असे का होते, तिच्याकडे सांगण्यासारखं असेल.

आजी जायच्या आधीचे २ महिने वाया घालवू नका. मुलाला आत्ताच सांगा, शेवटच्या दिवसापर्यंत लपवू नका, कॅलेंडरवर जाण्याचा आणि येण्याचा अंदाजे महिना दाखवा. तो रडेल, त्याला 'अरे त्यात काय रडायचं, आम्ही आहोत ना' म्हणू नका, आजीची आठवण येणारच. आजी त्याच्यासोबत ज्या गोष्टी करते त्यातल्या दोनतीन तिच्यासमोरच तुम्ही हातात घ्यायला सुरुवात करा, आधी तिघं मिळून, मग ती नुसती बाजूला बसलेली, मग तुम्ही दोघंच. झोपण्याची जागा बदलायची तर ती आजी असतानाच बदला, ती गेली त्याच रात्री नको. ती गेल्यावर फोनची वेळ ठरवून ठेवा आणि फोनवर त्याला एकटं सोडा, शेजारी उभं राहून 'सांग ना आजीला' करू नका, व्हिडिओवर मुलं बोलत नाहीत, नुसतं खेळताना आजीला तिकडून बघू दे, तेवढं पुरतं. पहिले २-३ आठवडे चिडचिड, जास्त चिकटणं, क्वचित अंथरूण ओलं होणं, हे होऊ शकतं, त्याला शिक्षा नाही, त्यावर टोमणेही नाहीत.

महिना-दीड महिन्यानंतरही झोप किंवा भूक बिघडलेलीच राहिली, शाळेत जायला रोज नकार, रोज पोटदुखी, आवडत्या खेळातून मन उडालेलं, बोलणंच कमी झालेलं, असं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि गरज वाटली तर त्यांच्याकडूनच मुलांच्या समुपदेशकाचं नाव घ्या. आत्ता मात्र त्याला कुठे नेण्यासारखं काही मला पत्रात दिसत नाही. हे उत्तर पत्नीला वाचायला द्या, आईलाही द्या, पण नोकरीच्या भागावर आधी तुम्ही दोघं बोलून घ्या, आणि तिला सांगा की तीन महिने थांब, आजी गेल्यावरचे पहिले काही आठवडे जाऊ देत, मग राजीनाम्याचं बघू.